तपासनिसाला ऐकू येतं

आमच्या बसस्थानकावर तिला सगळे कृपया म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ड्रायव्हर-कंडक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत कुणाच्याच तोंडात ते बसलं नाही. पाळी सुरू झाली की उद्घोषणेच्या खोलीत बसून 'कृपया लक्ष द्या' म्हणायचं हे तिचं काम, म्हणून ती कृपया. मी शेजारच्या चौकशीच्या खिडकीत, म्हणून ती मला चौकशी म्हणायची. आमच्या दोघींच्या मधे एक काच होती आणि काचेला चहाचा कप जाईल एवढं भोक. निम्मी नोकरी आम्ही त्या भोकातून बोलत काढली.

तिचा आवाज काही गोड वगैरे नव्हता. स्वच्छ होता. इंजिनं घरघरत असोत, पोरं रडत असोत, तो सगळ्यांना बाजूला सारून सरळ कानाशी येऊन बसायचा. ही देणगी तिच्या बाबांची. ते फळबाजारात लिलाव पुकारायचे. बाजाराच्या या टोकाला त्यांनी बोली उच्चारली की त्या टोकाला कळायची. "ओरडायचं नाही, आवाज फेकायचा," असं त्यांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं.

त्याच बाबांची वाचा गेली. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि शब्द बंद झाले. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण मनात एक असतं आणि तोंडातून भलतंच येतं. सुरुवातीला बाबांनी प्रयत्न केले. एकदा आत्या भेटायला आली होती, तेव्हा त्यांना पाणी हवं होतं. त्यांनी जोर लावला आणि तोंडातून आलं, "छत्री." पुन्हा, "छत्री!" आत्याला हसू आवरलं नाही, फिस्सकन हसली. मनाने वाईट नव्हती बिचारी. पण बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. त्यानंतर त्यांनी ओठ उघडले ते फक्त जेवायला.

घर स्थानकाच्या मागच्याच गल्लीत. सकाळी मदतनीस बाई बाबांजवळ असायची. कृपया दुपारी पाळी संपवून आली की ती जायची, आणि मग संध्याकाळी धाकटा भाऊ येईपर्यंत घरात ही दोघं. सकाळभर बोलून आलेली मुलगी आणि अवाक्षर न काढणारा बाप.

धाकट्या भावाला लांबच्या शहरात नोकरी लागली. जाताना तो त्याचं गेम खेळायचं यंत्र टीव्हीला जोडून ठेवून गेला. "ताई, खेळ तू. नाहीतर धूळ खात पडेल," म्हणाला. त्याची खोली म्हणजे बाबांच्या खोलीचाच एक तुकडा, मधे प्लायवूडची भिंत घालून वेगळा केलेला. यंत्रात गेम एकच होता, भुताटकीचा. ही म्हणाली, बघू तरी काय आहे. आणि अडकली.

गेममधे एक रिकामं रुग्णालय होतं. तळमजल्यावर गुडघाभर पाणी. आपण एक नर्स. हातात टॉर्च, तिची बॅटरी सारखी संपत येते. पिस्तूल आहे, पण गोळ्या इतक्या कमी की ती झाडायला जीव होत नाही. एकेक दार उघडत बाहेरची वाट शोधायची. आणि त्या रुग्णालयात 'तो' फिरत असतो. उंच, ताठ, डोक्याला पट्ट्या गुंडाळलेल्या, डोळे नाहीत. त्याच्याशी लढता येत नाही. तो आला की कपाटात शिरायचं, बटण दाबून श्वास रोखायचा आणि वाट बघायची.

कृपयाने त्याचं नाव तपासनीस ठेवलं. आमच्याकडे गाड्यांची तिकिटं तपासणारे साहेब असेच न सांगता उगवायचे.

"काय सांगू चौकशी," ती भोकातून म्हणायची, "कपाटाच्या फटीतून त्याचे पाय दिसतात. पाण्यातून चालतो, पण घाई म्हणून नाही. मी इथे खुर्चीत बसलेली असते आणि खरा श्वास रोखून धरते."

"मग कशाला खेळतेस बाई? घरात काय ताप कमी आहेत?"

ती म्हणाली, "तिथे निदान भीती समोर दिसते."



सुरुवातीला तपासनिसाला ती कधी सापडायची, कधी नाही. मग तिच्या लक्षात आलं, बाहेर भंगारवाला ओरडला की तो वळतो. घरात फरशीवर खुर्ची ओढली की तो थांबतो आणि पट्ट्या गुंडाळलेलं डोकं हळूच तिरकं करतो. खऱ्या गल्लीतला आवाज, खऱ्या घरातला आवाज. तिने भावाला फोन लावला.

तो खो खो हसला. "अगं ताई, मधल्या भिंतीवर चिकटवलेला तो काळा डबा दिसतो ना? तो माइक आहे. या गेमची गंमतच ती आहे. तुझ्या खोलीतला आवाज त्याला ऐकू येतो. पडद्याच्या कोपऱ्यात पांढरी पट्टी आहे बघ, आवाज झाला की ती वाढते."

"मग बंद कसा करायचा?"

"बंद कशाला? भित्री कुठली!"

भित्री म्हटल्यावर हिने बंद केला नाही. उलट घर शांत करायच्या मागे लागली. खिडक्या लावल्या, नळाला फडकं बांधलं, दार लोटून घेतलं आणि कानांवर भावाचे जाडजूड हेडफोन चढवले. ते जोडले की टीव्हीचा आवाज बंद व्हायचा आणि सगळं रुग्णालय तिच्या कानात यायचं. बाहेरचं मग काही ऐकू यायचं नाही. पट्टी कोपऱ्यात दोऱ्यासारखी निपचित पडून राहायची.

आणि एका दुपारी ती हलली.

कृपया तेव्हा औषधांच्या कोठीत होती, कपाटात. तपासनीस दाराबाहेरून निघून चालला होता. पट्टी थरथरली, वाढली, कमी झाली, पुन्हा वाढली. तपासनीस थांबला. मान तिरकी केली आणि सरळ कपाटाकडे आला.

दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता. चहाचा कप भोकातून घेतला, पण प्यायली नाही.

"चौकशी, एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"बोल."

तिने आपल्या टेबलावरच्या अँप्लिफायरकडे बोट केलं. त्याच्यावर एक काटा होता, ती बोलली की हलायचा. "इतकी वर्षं मी हा काटा बघतेय. पंखा लागला तर तो एका जागी धरून राहतो. दार आपटलं तर टुणकन उडतो आणि पडतो. पण माणूस बोललं की तो वेगळा हलतो. शब्द येतो, सुटतो, दुसरा येतो, वाक्य संपलं की खाली बसतो. काल ती पट्टी तशी हलत होती."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या घरात कुणीतरी बोलत होतं."

"अगं, शेजारपाजारचं कुणी असेल."

"खिडक्या बंद होत्या."

"मग तू काय केलंस?"

"हेडफोन ओढून काढले आणि उठले. खुर्ची पडली माझी. घरात चिडीचूप. बाबांच्या खोलीत डोकावले तर ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले. परत येऊन हेडफोन घातले. थोडा वेळ काही नाही. मग पट्टी पुन्हा हलायला लागली."

खिडकीबाहेर एक माणूस मला गाडीची वेळ विचारत होता. त्याला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. चुकीचं दिलं असणार.

त्यानंतरचे काही दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. गेम बंद ठेवावा तर डोक्यात एकच घोळायचं, की आत्ता पट्टी हलत असेल का. सुरू करावा तर ती हलायची. कधी लांबलचक, कधी नुसतेच तुकडे. कपाटात बसलेली नर्स, पाण्यातून येणारे पाय, आणि कोपऱ्यात कुणाचं तरी न ऐकू येणारं बोलणं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या मनात आईचा विचार येऊन गेला आणि मग त्या विचाराचीच भीती वाटायला लागली.

मीच तिला म्हटलं, "खुर्ची न पाडता ऊठ की. हेडफोन काढ, पण वायर तशीच राहू दे. टीव्हीचा आवाज येता कामा नये. जे कुणी आहे, त्याला वाटू दे तू आतच आहेस."

तिने तसंच केलं. पट्टी हलायला लागली तेव्हा तिने हेडफोन कानावरून अलगद सरकवले आणि मांडीवर ठेवले.

आवाज भिंतीतून येत होता. बाईचा की पुरुषाचा कळेना. कोरडा, सपाट, चढ-उतार नसलेला, घशातून खरवडून काढल्यासारखा. शब्द मात्र ओळखीचे होते. "कृ... कृप... या. ल... लक्ष. द्या. फ... लाट. फलाट. क्र... मांक."

आपलीच वाक्यं आपल्याला त्या आवाजात ऐकू आली तर कसं वाटेल ते मला सांगता येत नाही. तिला सांगता आलं. ती म्हणाली, "मला वाटलं, मी मेलेय आणि कुणीतरी माझं काम करतंय."

अनवाणी पायांनी ती बोळातून बाबांच्या दारापर्यंत गेली. फटीतून पाहिलं. बाबा पलंगावर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. डाव्या हाताने लुळा हात मांडीवर दाबून धरला होता. प्रत्येक शब्दाला त्यांची मान पुढे जात होती. सकाळी स्थानकाचे कर्णे गल्लीत ऐकू येतात. सकाळभर बाबा तिचा आवाज ऐकायचे, तोंडाने नाही पण मनात म्हणत बसायचे, आणि दुपारी टीव्हीचा आवाज बंद झाला, म्हणजे लेकीचे कान झाकले गेले, की ते बोलायला बसायचे. हसायला कुणी नसेल अशी दिवसातली तेवढीच वेळ.

ती आत गेली नाही. परत येऊन बसली. पडद्यावर नर्स मरून पडली होती आणि तपासनीस तिच्याशेजारी उभा होता, भिंतीकडे मान वळवून. जणू तोही ऐकत होता.

"अगं, आनंद नाही झाला तुला?" मी विचारलं.

"झाला. पण आधी भीती वाटली. तो आवाज बाबांचा नव्हता, चौकशी. बाबांच्या तोंडातून येत होता, एवढंच."

"मग सांग ना त्यांना, की तुला कळलंय."

"नाही. बंद करतील ते. लपून करतायत तर लपून करू दे."

मग तिने आपल्या परीने शिकवणी सुरू केली. उद्घोषणा इतक्या सावकाश करायला लागली की गाडी सुटून जायची आणि हिचं वाक्य चालूच. प्रत्येक गोष्ट दोनदा. पण गाड्यांच्या घोषणेत शब्द ते किती? माणसाला घरात लागणारे शब्द त्यात नाहीत. त्यावर मी तोडगा काढला. मी चौकशीच्या खिडकीतून हरवलेल्या वस्तू पाठवायला लागले, ज्या कुणी हरवल्या नव्हत्या. "कृपया लक्ष द्या. पाणी पिण्याची बाटली सापडली आहे. पाणी. पाणी पिण्याची बाटली." "चष्मा सापडला आहे." "उशी सापडली आहे." उशीच्या वेळी स्थानकप्रमुख स्वतः आले.

"बसस्थानकावर उशी कोण हरवतो?"

"लांबच्या गाडीचा प्रवासी असेल साहेब," मी म्हटलं.

"आणि तुम्ही," ते कृपयाकडे वळले, "झोपेतून उठल्यासारख्या का बोलता अलीकडे?"

"स्पष्ट कळावं म्हणून, साहेब."

"कळतंय. बहिऱ्यांनासुद्धा कळतंय. जरा आटपा."

दुपारी ती गेम लावून बसायची आणि पट्टीकडे बघायची. पट्टी आता लांब लांब हलायची. तपासनीस तिला हटकून शोधून काढायचा, पण तिला त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. तो आला म्हणजे बाबा बोलतायत. कपाटात लपून ती त्याची वाट बघायला लागली.

आणि तिथेच ती चुकणार होती.

त्या दुपारी तिने गॅसवर दूध ठेवलं होतं आणि 'पाच मिनिटं' म्हणून खेळायला बसली. नर्स पहिल्यांदाच वरच्या मजल्यावर पोचली होती. लांबलचक वॉर्ड, ओळीने पलंग, चादरी अंगावर ओढलेल्या, आणि चादरींखाली काय आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पट्टी हलली. मग वाढली. इतकी वाढली की तिने आजवर पाहिली नव्हती, पूर्ण कोपरा पांढरा. कृपयाला हसू आलं. बाबा आज जोरात आहेत, तिला वाटलं. ती पलंगाखाली शिरली आणि श्वास रोखला. वॉर्डच्या टोकाला दार उघडलं. तपासनीस आज चालत नव्हता, धावत होता. पट्टी थांबेना. मधे एकदा खाली बसली, मग पुन्हा उसळली, अगदी जवळून आल्यासारखी. चादर उचलली गेली आणि पडदा काळा झाला.

त्या काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. आणि तिच्या मागे दुसरं कुणीतरी. उंच. एक खांदा खाली गेलेला, मान तिरकी. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि कानात मात्र फक्त गेममधल्या पाण्याचा आवाज.

ती किंचाळली. हेडफोन गळून पडले तेव्हा तिला ऐकू आलं.

"छत्री! छत्री! छत्री!"

बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. काठी नव्हती. सदऱ्याला भिंतीचा चुना लागला होता आणि एक कोपर सोललं होतं. उघड्या दारातून त्यांच्यामागून वास आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस सुटत राहिला होता. स्वयंपाकघर बाबांच्या खोलीला लागून. वास आधी त्यांना आला. त्यांनी हाका मारल्या, भिंत ठोकली, आणि लेक पलीकडे पट्टीकडे बघून हसत राहिली. मग ते उठले. पडले. भिंतीला धरून आले.

तिने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, एवढं भान तिला राहिलं. श्वास रोखून स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाबांना धरून बाहेर पायरीवर आणून बसवलं. मग रडायला लागली. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि त्या खरवडलेल्या आवाजात म्हणाले, "उशी." मग मान हलवली, चुकलं म्हणून. पुन्हा जोर लावला. "उशी. पा... पाणी."

"आणते बाबा. पाणी आणते."

नाही, नाही, त्यांनी तिचाच हात धरून ठेवला. पाणी तिला प्यायला सांगत होते.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही. वाचा शिकवणाऱ्या एक बाई येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, यांना 'फलाट' इतकं स्वच्छ कसं येतं? बाबांची भाषा जमली ती अशी, की मोरीला ते फलाट म्हणायचे, जेवणाला गाडी. भूक लागली की, "गाडी. गाडी लागली का?" भावाने फोन केला तेव्हा बाबांनी रिसीव्हर कानाला धरला आणि बराच वेळ घसा खरवडत राहिले. शेवटी म्हणाले, "जेवला?" आत्याही येऊन गेली, हसली नाही, उलट जाताना दारात डोळे पुसत होती. आवाज मात्र तसाच राहिला. सपाट, कोरडा. त्याची सवय कृपयाला व्हायला फार दिवस लागले. पाठमोरी असताना त्यांनी हाक मारली की अजूनही दचकते, म्हणते.

गेम तिने सोडला नाही. फक्त आता हेडफोन घालत नाही आणि शेगडीवर काही ठेवून बसत नाही. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात.

मधे मी त्यांच्याकडे गेले होते. कृपया चहा करायला आत गेली आणि जाताना तिने तो कंट्रोलर माझ्या हातात दिला. "खेळून बघ, चौकशी. सगळ्यांना वाट सांगतेस ना?" खिडक्यांचे पडदे लावलेले होते. मी दोन दारं उघडली आणि तिसऱ्यापाशी थांबले. पलीकडे पाण्यात कुणीतरी चालत होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, तोंड जरासं उघडं.

"बाबा," मी कुजबुजले, "दार उघडू की नको?"

कोपऱ्यातली पट्टी माझ्या आवाजाने वाढली. पाण्यातली पावलं थांबली.

बाबांनी बोट ओठांवर ठेवलं.